पाचवी रेघ

१

भिंत ओली आहे की कोरडी, हे बघायला मला यंत्र लागत नाही. पंजाची उलटी बाजू टेकवायची. तळहात थापी धरून राठ झालेला असतो, त्याला काही कळत नाही. उलट्या बाजूला लगेच कळतं.

पंचावन्न वर्षं मिस्त्रीकाम केलं. शिक्षण चौथी. वय आता अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी घाटकोपरच्या आमच्या खोलीच्या चारही भिंतींवर हात फिरवतो. खोली टेकडीवर आहे, मागे डोंगराची माती टेकलेली आहे. शेजारच्यांच्या भिंतींना दर पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. माझ्या भिंतींना एवढ्या वर्षांत डाग पडला नाही. मी बांधल्या आहेत.

"भिंतीचा ताप बघता का आप्पा?" नीलम म्हणते.

नीलम माझी मुलगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, लग्न केलं नाही. ती तीन वर्षांची असताना तिची आई राधा गेली. मुलुंडला कॉलेजची लायब्ररी बांधत होतो, तिथे परांचीवरून पडली. रविवार होता, काम बंद होतं. सरपणासाठी फळ्यांचे तुकडे आणायला वर चढली आणि पाय घसरला. नीलमला एवढं माहीत आहे.

एप्रिलमध्ये एके दिवशी भिंती बघत असतानाच फोन वाजला.

"मिस्त्रीकाका, प्रीतम बोलतोय. अंबादासचा."

अंबादास माझ्या हाताखाली गवंडी होता. करोनात गेला. पोरगा कंत्राटदार झालाय.

"बोल."

"मुलुंडच्या लायब्ररीचं रिनोव्हेशन माझ्याकडे आलंय काका. आता युनिव्हर्सिटी झाली ना ती. सगळं काचेचं करायचंय. पण एका भिंतीनं वाट लावलीय माझी. ओल आहे. प्लंबर तीन वेळा येऊन गेला, त्याला काही सापडत नाही. जुने नकाशे कुणाकडेच नाहीत. बाबा म्हणायचे, ती भिंत तुमची."

"माझ्या भिंतीला ओल येत नाही."

"मग येऊन तसं सांगा ना सगळ्यांना. इथे म्हणतायत, बांधणाऱ्यानंच चुना लावलाय. गाडी पाठवतो."

"मला बस चालते," म्हणालो.

२

चाळीस वर्षांत मी त्या आवारात पाय ठेवला नव्हता. डोंगर तेवढा ओळखीचा होता. वर्गांच्या जुन्या इमारतीला हिरवी जाळी लावली होती. कॅन्टीन पाडलं होतं. दारातली कोनशिला काढून भिंतीला उलटी टेकवली होती. तिच्यावर सतरा नावं आहेत. त्यातल्या एकानंही वीट उचलली नव्हती. ती उलटी बघून मला बरं वाटलं.

लायब्ररीचा वाचनाचा हॉल दोन मजले उंच आहे. कपाटं हलवली होती. खिडक्यांच्या चौकटी निघाल्या होत्या, ऊन आतपर्यंत येत होतं. डोंगराकडच्या भिंतीला लोखंडी पाइपांची परांची लावली होती. आमच्या वेळी बांबू आणि काथ्या असायचा.

तिथे ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. इरावती मॅडम. केस पांढरे, साडी खोचलेली, हातात फडकं.

"तुम्हीच का बांधलीत ही भिंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग एक सांगा. मी इथे सव्वीस वर्षं आहे. माझ्या आधीच्या बाईंनी चार्ज देताना सांगितलं होतं, या भिंतीला कपाट लावायचं नाही, पुस्तकं दमट होतात. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही आपले पंखे चालू ठेवायचो."

"नुसतं दमट?"

"तेव्हा नुसतं दमट. आता पंधरा दिवसांत हे असं."

"पंधरा दिवसांपूर्वी काय झालं?"

प्रीतम मध्येच म्हणाला, "काय होणार? आम्ही परांची लावली."

३

मी वर चढलो. प्रीतम खालून ओरडत होता, "काका, सांभाळून! बाबा वरून शिव्या घालतील मला."

गुडघे दुखले, पण हात धरायला कुणाला दिला नाही.

ओल दोन तऱ्हेची असते. पाइप फुटला तर ती वरून उतरते. जमिनीतून आली तर खालून चढते. दोन्हीचा माग काढता येतो. ही भिंत खाली खडखडीत होती. वर स्लॅबजवळही खडखडीत. मधे, परांचीच्या फळ्यांपासून बाईमाणसाचा हात पुरेल एवढ्या उंचीपर्यंत, ओली होती. हाताची उलटी बाजू टेकवली. गार लागली. ताज्या सिमेंटचा वास आला. चाळीस वर्षांच्या गिलाव्याला तो वास येत नाही.

मी मागे सरकून डागांचा आकार बघितला. पंख्यासारखे डाग होते, एकाला एक लागून, सारख्या अंतरावर. प्रत्येकाची सुरुवात डाव्या बाजूला घट्ट, उजवीकडे फाकत गेलेली.

नव्या भिंतीवर पाणी मारायचं असतं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, नाहीतर सिमेंट तडकतं. तेव्हा नळी नव्हती. बाया पिंपातून डबा भरायच्या आणि फेकायच्या. हजारो वेळा ती फेक बघितलीय मी. उजव्या हाताची बाई फेकते तेव्हा डाग डावीकडे फाकतो. हे पाणी डावऱ्या हातानं फेकलेलं होतं.

राधा डावरी होती.

मी मनात म्हणालो, कुंडलिक, म्हातारा झालास. कुणीतरी पोरं रंगाची पिचकारी घेऊन वर आली असतील. मग आठवलं, आवाराला सुट्टी आहे. एसीचं पाणी असेल. एसी अजून बसवलेच नव्हते. टाकी दुसऱ्या टोकाला होती, ती मी स्वतः जाऊन बघितली. गच्ची बघितली. संडासांच्या नळ्या बघितल्या. संध्याकाळपर्यंत एकही जागा सोडली नाही.

"काही कळलं का काका?"

"पाइप नाही या भिंतीत."

"मग पाणी येतं कुठून?"

मी हात झटकले.

"उद्या सगळा गिलावा उतरवतो," प्रीतम म्हणाला. "विटा दिसल्या की कळेल सगळं. तुम्ही असाल ना?"

"गिलावा काढू नकोस. वरून वॉटरप्रूफिंग मार."

तो हसला. "काका, तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

४

गिलावा का नको होता, ते लिहितो. कुठेतरी लिहिलेलं असावं.

राधाला लिहिता येत नव्हतं. भिंतीला किती दिवस पाणी दिलं, हे लक्षात राहावं म्हणून ती पाणी मारून झालं की कोपऱ्यातल्या विटेवर खिळ्यानं एक उभी रेघ ओढायची. एका दिवसाची एक. सात झाल्या की मला दाखवायची, मग मी गिलाव्याला हात घालायचा. आमची ही पद्धत होती. दुसऱ्या मिस्त्रींना बाईचा भरवसा नसायचा. मला तिच्या रेघांचा होता.

त्या वर्षी नीलमला ताप आला. राधा तिला घेऊन दवाखान्यात बसली आणि जिन्याच्या भिंतीला एक दिवस पाणी चुकलं. भिंत तडकली. इंजिनियरनं मला चारचौघांत फैलावर घेतलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, राधाला म्हणालो, "मी थांब म्हणेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. पोर मेली तरी."

ती डबा उचलून पिंपाकडे गेली.

पुढे हॉलची भिंत उभी राहिली. चार रेघा झाल्या होत्या. शनिवारी दुसरीकडे फळी कमी पडली म्हणून मी या परांचीची एक फळी काढून नेली. तिला सांगायचं राहिलं. रविवारी सुट्टी. मी घाटकोपरला पाहुण्यांकडे जेवायला गेलो. संध्याकाळी परतलो तर नीलम साइटवरच्या आमच्या झोपडीत एकटी रडत होती. राधा अंबादासला सापडली, हॉलमध्ये, दगडांच्या ढिगावर. डबा तिच्या हातातच होता.

इंजिनियर आला. कंत्राटदाराचा माणूस आला. तो म्हणाला, "आज काम बंद होतं. ही वर कशाला गेली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अंबादासही. त्यानं डबा पाठीमागे धरला होता.

मी म्हणालो, "सरपणाला गेली असेल."

मला कुणी तसं बोलायला लावलं नव्हतं. माझ्याच तोंडातून आलं. मग वस्तीत झालं, राधा फळ्या चोरायला चढली होती. मी ते होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेलो. कोपऱ्यातल्या विटेवर पाच रेघा होत्या. रविवारचं पाणी मारून, रेघ ओढून, मग ती उतरायला वळली होती. ती कामावर होती याचा तेवढाच पुरावा. सात दिवस भरायची वाट न बघता मी स्वतःच्या हातानं त्यावर गिलावा चढवला. पाणी थांबव, असं सांगायला ती उरली नव्हती. सांगितलं नाही, एवढं खरं.

५

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता चार माणसं हातोडे घेऊन चढली. मी खाली खुर्चीवर बसलो. इरावती मॅडम नाकाला पदर लावून उभ्या.

पहिला पापुद्रा पडला तेव्हा वरचा माणूस म्हणाला, "शेठ, ये क्या है?"

प्रीतम वर गेला. विटांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काका, जरा वर येता का?"

मी चढलो.

कोपऱ्यातली वीट मी लगेच ओळखली. पाच रेघा. डावऱ्या हाताच्या, किंचित कललेल्या. पाचवीनंतर सहावी होती. सातवी होती. ती वीट भरली तेव्हा शेजारची घेतली होती. मग तिच्या वरची. गिलावा निघेल तसतशा रेघा निघत होत्या, ओळीनं, एकसारख्या, सगळ्या भिंतीभर. मी लावलेल्या, चाळीस वर्षं कुणी न उकरलेल्या गिलाव्याखाली.



"कसल्या रेघा या?" खालून मॅडमनी विचारलं. "कुणी ओढल्या?"

प्रीतम माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे बापासारखे आहेत. मला वाटलं, अंबादास याला बोलला असेल. मला वाटलं, आता सांगून टाकावं. इथे सहा माणसं आहेत, सगळी ऐकतील, आणि ती जागाही तीच आहे.

"टाचे आहेत," मी म्हणालो. "विटेवर टाचे मारले की गिलावा घट्ट धरतो. मीच मारले होते."

"बघा मॅडम!" प्रीतम ओरडला. त्याला हायसं वाटलं होतं. "याला म्हणतात काम. आजकाल कोण एवढी मेहनत घेतं?"

मॅडम वर आल्या होत्या. पायात चप्पल नव्हती. त्यांनी चष्मा वर केला आणि भिंतीच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवलं, तिथला गिलावा आपोआप गळून वीट उघडी पडली होती. शेवटची रेघ तिथे होती.

"ही जुनी नाही वाटत," त्या म्हणाल्या.

रेघेतून विटेची लाल भुकटी ओघळत होती. ओली.

"हातोडा लागला असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तिथे अजून हातोडा पोचलेला नाही, कुंडलिकराव."

६

एक वाजता माणसं जेवायला खाली गेली. बदामाच्या झाडाखाली त्यांचे डबे उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाची लोणच्यावरून चेष्टा केली. प्रीतम म्हणाला, "चला काका, वडापाव मागवलाय."

"तू हो पुढे."

मी हॉलमध्ये थांबलो. भर उन्हाची वेळ. फरशीवर चौकटींच्या जागेतून उन्हाचे चौकोन पडले होते. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. मी स्वतःला तसं सांगितलंही. रेघा म्हणजे मीच मारलेले टाचे असतील, आणि मी विसरलो असेन. एवढी वर्षं झाली. माणूस विसरतो.

मग डबा पिंपाच्या कडेला घासला.

हल्ली साइटवर पिंपं प्लास्टिकची असतात. हा आवाज लोखंडी पिंपाचा होता.

थोडी शांतता. मग छप्प. मग विटांवरून पाणी ओघळल्याचा आवाज.

मी वर बघितलं. पुन्हा घासला. पुन्हा थांबला. छप्प. हा ताल मला झोपेतही ओळखता आला असता. परांचीच्या फळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट होती. त्या फटीत एक टाच आली. भेगाळलेली, सिमेंटनं पांढरी पडलेली, ओली.

टाच उचलली गेली. पुढच्या फटीत टेकली. मग त्यापुढच्या. ती भिंतीच्या कडेकडेनं डावीकडे चालली होती. मी तिच्या पुढची जागा बघितली. तिथे फळी नव्हती. सकाळी मी त्याच जागेवर उभा होतो. तेव्हा फळी होती.

"पुरे," मी म्हणालो.

आवाज नीट निघाला नाही. पुन्हा म्हणालो. "पुरे, राधा. थांब. मी सांगतोय, थांब."

टाच थांबली. बोटं कडेच्या बाहेर आली होती. पाणी ठिबकायचंही थांबलं. पाय तिथेच वळला. आता बोटं माझ्या दिशेला होती.

ती वाट बघत होती. काय ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. पुरे म्हणणं सोपं होतं. ते तर मिस्त्रीनं बिगारणीला म्हणायचं असतं. तिला दुसरं वाक्य हवं होतं. 'मी पाठवलं होतं.' तीन शब्द. बाहेर माणसं जेवत होती. दार उघडं होतं. मोठ्यानं म्हणालो असतो तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

मी दाराकडे वळलो आणि चालू लागलो.

मागे डबा पिंपात बुडला. कडेला घासला. मी पावलं मोजत होतो. दाराला चार पावलं उरली होती.

छप्प.

माझी पाठ गार झाली. मानेपासून कंबरेपर्यंत, डावीकडून उजवीकडे.

७

प्रीतमला सांगितलं, भिंत पाड. त्यानं पाडली. विटा ट्रकमध्ये भरून गेल्या. आता तिथे काच बसवली आहे. काच कोरडी आहे, असा त्याचा फोन आला. "काका, मानलं तुम्हाला, झकास झालं काम," म्हणाला.

मी घरी आलो त्या दिवशी नीलम लवकर आली होती.

"आप्पा, शर्ट मागून ओला कसा?"

"घाम."

तिनं हाताची उलटी बाजू पाठीला टेकवली. मीच शिकवलंय तिला. "गार आहे. घाम असा गार नसतो. काढा शर्ट." मग म्हणाली, "हा ओरखडा कसला? खिळा लागला का?"

"लागला असेल."

ती मलम घेऊन मागे बसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोर बुद्धाच्या तसबिरीशेजारी राधाचा फोटो होता. राधाचा तेवढा एकच फोटो आहे, रेशनकार्डावरचा मोठा केलेला.

"तुम्ही त्या हॉलमध्ये जाऊन आलात," नीलम म्हणाली. "मी कधी विचारलं नाही. शाळेत त्या शकुनं सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, हिची आई लाकडं चोरताना मेली. तेव्हापासून मी आईबद्दल कुणाशी बोलत नाही. त्रेचाळीस वर्षांची झाले आप्पा. एकदा खरं सांगा ना. खरंच सरपणाला गेली होती?"

आमच्या मोरीत प्लास्टिकची बादली आहे. लोखंडाचं काही नाही. तरी मला आवाज आला. डबा बुडला. कडेला घासला. भरला.

आणि फेकला गेला नाही. थांबला.

दोघी माझ्या मागे होत्या. दोघी वाट बघत होत्या. नीलमचं बोट मलमासकट माझ्या पाठीवर थांबलं होतं. मी तोंड उघडलं. वाक्य तोंडात होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य होतं, पोर मेली तरी, असं. आणि ती पोर माझ्या पाठीला मलम लावत होती.

"सरपणालाच गेली होती," मी म्हणालो. "किती वेळा सांगायचं?"

छप्प.

नीलमला ऐकू गेलं नाही. तिनं फक्त हात आखडून घेतला, पाणी उडाल्यासारखा.

आता पाणी रोज येतं, ओरखडा अधूनमधून. दुपारी एकच्या सुमारास. शर्ट बदलतो. शेजारचे म्हणतात, उकाडा फार आहे. भिंती मात्र कोरड्या आहेत, रोज बघतो. नीलम डॉक्टरकडे चला म्हणते. मी जात नाही. ती रोज रात्री मलम लावते. पूर्वी लावताना काहीतरी बोलायची, आता बोलत नाही.

आज बोलली.

"आप्पा, पाच झाले. एका ओळीत आहेत. कुणी ओढावेत तसे."

मी शर्ट हातात घेतला.

"पाचवा अजून ओला आहे."

"घाम असेल," मी म्हणालो.